मदत हवी आहे: आजोबांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचा गंज काढायचाय, पण वेब्लीची वेब्लीच राहिली पाहिजे

नमस्कार मंडळी,

जुन्या हत्यारांचं, ब्लूइंगचं (लोखंडावर गंज धरू नये म्हणून चढवलेला निळसर-काळा थर) किंवा नुसतं लाकडी मुठींचं ज्यांना कळतं त्यांनी जरा वेळ काढून वाचा. पोस्ट लांबली आहे, पण अर्धवट माहितीवर कोणी सल्ला देऊ नये म्हणून सगळंच लिहितोय.

वस्तू म्हणजे वेब्ली अँड स्कॉट कंपनीची मार्क फोर रिव्हॉल्व्हर, ०.३२ बोअर, तीन इंची नळी, सहा गोळ्यांची. कुडाळजवळ आजोबांचा काजूचा कारखाना होता, दर शनिवारी पगार वाटायला बँकेतून रोकड आणायला लागायची आणि तेव्हाचे रस्ते कसे होते ते कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको, म्हणून आत्मसंरक्षणाचा परवाना काढून १९६१ साली मुंबईतल्या एका दुकानातून घेतलेली, पावती अजून आहे. नळीवर मुकुट आणि त्याखाली बीएनपी असा बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचा शिक्का आहे, तो १९५४ नंतरचा, म्हणजे घेतली तेव्हा नवीच असणार. फ्रेमवर ती पंखवाली गोळी पण आहे, वेब्लीची खूण, लहानपणी मला ती माशी वाटायची.

आजोबांनंतर बाबांच्या नावावर होती, बाबा सत्तरी पार झाले तसा वारस म्हणून आता परवाना माझ्या नावावर आलाय. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये ही सोय आहे, परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं की त्याच्या हयातीतच वारसाला देता येतं, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट वगैरे मात्र सगळं रीतसर लागतं. ते सगळं झालंय, तेव्हा कागदपत्रांचा प्रश्न नाही.

प्रश्न गंजाचा आहे. विधानसभेच्या आचारसंहितेत जमा करायला म्हणून कपाटातून काढली तेव्हा चामड्याच्या होल्स्टरमधून ती अक्षरशः ओढून काढायला लागली. कित्येक पावसाळे तशीच त्यात होती. चामडं ओल धरतं आणि ते कमावायला जे वापरतात ते लोखंडाला खातं हे आता वाचून कळलं, पण आमच्या भागात पिढ्यानपिढ्या लोकांनी हत्यारं होल्स्टरमध्येच ठेवली आहेत.

आता नीट सांगतो काय काय झालंय. डाव्या बाजूला, जिथे होल्स्टरची शिवण येते, तिथे नळीवर करंगळीच्या नखाएवढा पट्टा तांबूस झालाय, हाताला खरखरीत लागतो, म्हणजे नुसता वरचा गंज नाही, बारीक खड्डे पडलेत. सिलिंडरच्या दोन खाचांमध्येही तसंच. बाकी ब्लूइंग धारांवर उडालंय, पण ते वापराने उडालंय, आजोबांचा अंगठा जिथे लॅचवर (रिव्हॉल्व्हर उघडायच्या खटक्यावर) यायचा तिथे तर पांढरं लोखंड चकचकीत दिसतं. आतून नळी बरी आहे, उजेडाला धरली की पेच स्वच्छ दिसतात. लॅच दाबून मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की एक्स्ट्रॅक्टरचा (काडतुसं बाहेर ढकलणारा) चांदणीसारखा तारा वर येतो, पण खट्कन खाली बसायला पाहिजे तो बसत नाही, रेंगाळतो. आजोबा खोबरेल लावायचे, बाबांनी शिवणयंत्राचं तेल लावलं, त्या सगळ्याचा मिळून आत चिकटा झाला असावा असा माझा अंदाज. बंद केल्यावर नळी हलत नाही, बिजागरीत खेळ नाही, घोडा नीट चढतो. मुठीच्या दोन काळ्या पट्ट्यांपैकी उजवी स्क्रूपाशी तडकली आहे आणि दोन्ही मातकट तपकिरी झाल्यात.

तर विचारायचं हे आहे. ब्लूइंग करावं का आणि केलं तर कुठलं? बाटलीतलं कोल्ड ब्लू मिळतं, दहा मिनिटांत काळं होतं म्हणतात, पण एका ओळखीच्याने लावलेलं बघितलं, वर्षभरात हाताच्या घामाने निघून गेलं आणि मधे मधे राखाडी डाग. हॉट ब्लूइंग म्हणजे कॉस्टिकच्या उकळत्या टाकीत बुडवणं, ते घरी करायचं कामच नाही, पण ते करणारे आधी बफिंग व्हीलवर पॉलिश मारतात आणि मला भीती तीच आहे. बफ झालेली एक जुनी वेब्ली पाहिली आहे, अक्षरं पुसट, फ्रेमच्या धारा साबणाच्या वडीसारख्या गोल, स्क्रूची भोकं बशीसारखी झालेली. चकाचक होती, पण बघवत नव्हती.

आमचा चुलतभाऊ म्हणतो निकेलचा मुलामा करून टाक, लखलखीत दिसेल, आणि मुठीवर आजोबांचं नाव कोर. त्याचं प्रेम मला कळतं, पण मला ते नको आहे. आजोबांच्या अंगठ्याने झिजलेलं ते लोखंड झाकून टाकलं तर मग राहिलं काय? मला गंज थांबवायचाय, झीज नाही पुसायची. एवढं एकच डोक्यात ठेवून सल्ला द्या.

बदल म्हणून फक्त एक करायचंय, शिसवीच्या मुठी. जुन्या पट्ट्या जपून ठेवणार, फेकणार नाही. सावंतवाडीला लाकडावर इतका बारीक हात चालणारी माणसं आहेत, घरी शिसवीचा एक जुना पाट मोडीत निघालाय, त्याचं लाकूड चांगलं मुरलेलं आहे. पण हत्यार सुताराच्या हातात देता येतं का हे कोणी नीट सांगेल का?

आणि शेवटचं, गनस्मिथ कोण? आम्हाला बेळगाव जवळ, आंबोली चढलं की आलंच, पण माझ्या परवान्यावर क्षेत्र महाराष्ट्र एवढंच आहे, सीमा ओलांडून नेता येणार नाही. मग उरलं कोल्हापूर किंवा पुणे. कोल्हापुरात नेमबाजीचं वातावरण आहे, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत तिथल्याच, स्वप्नील कुसाळे त्याच जिल्ह्यातला, तेव्हा हत्यारांचे जाणकार हात तिथे असणार असं वाटतं. दुकानांची नावं इथे जाहीर लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद: जुना_खलाशी

फोटो नसतानाही चित्र उभं राहिलं, इतकं नीट लिहिलंत. आधी कायद्याचं सांगतो कारण तिथे चूक परवडत नाही. हत्यार सुताराकडे द्यायचं नाही, तासाभरासाठीसुद्धा नाही, परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात ते गेलं की झालं. आणि गरजही नाही हो. मुठीच्या पट्ट्या म्हणजे काही हत्यार नव्हे. स्क्रू काढून दोन्ही पट्ट्या मोकळ्या करा, त्याच नमुना म्हणून द्या. आतल्या बाजूला फ्रेमवर बसायची जी खाच आहे ती हुबेहूब उतरली पाहिजे, बाहेरचा आकार थोडा जाड ठेवायला सांगा आणि शेवटचा पॉलिश पेपर घरी तुम्ही स्वतः मारा, वेब्लीवर बसवून बघत बघत. स्क्रूसाठी पितळी बुश बसवून घ्या, नाहीतर लाकूडही तिथेच तडकेल. शिसव तेलकट लाकूड आहे, वार्निश नको, जवसाचं तेल पुरे.

दुसरं, नंबर. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम ८ वाचा, हत्यारावरचं नाव, नंबर, खूण पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. म्हणजे बफिंगची तुमची भीती नुसती दिसण्याची नाही. पॉलिशवाल्याने नंबर पुसट केला तर पुढच्या नूतनीकरणाला हत्यार दाखवाल तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायला लागेल. कामाला देताना नंबरच्या जागी हात लावायचा नाही असं लेखी लिहून घ्या, आणि देण्याआधी सगळ्या शिक्क्यांचे जवळून फोटो काढून ठेवा.

पट्ट्या तपकिरी झाल्या त्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या, असतील. जुन्या फाउंटन पेनांचं पण तेच होतं, रबरातलं गंधक उजेडाने आणि ओलीने वर येतं. घासू नका, जाळीची नक्षी जाईल, नुसत्या ओल्या फडक्याने पुसून ठेवून द्या.

प्रतिसाद: लोखंड_लोहार

मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, हत्यारांचा परवानाधारकही आहे. मी असतो तर ब्लूइंग मुळीच करून घेतलं नसतं, निदान या वर्षी तरी. आधी गंज मारा आणि मग बघा किती उरतं. लॅच दाबून मोडा, सहाही घरं रिकामी आहेत ते डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग गंजाच्या जागेवर पातळ तेल भरपूर लावून एक-दोन दिवस तसंच राहू द्या आणि अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. जोर लावायचा नाही. लाल निघतं, काळं राहतं. खड्डे राहणार, पण त्यातला गंज मेला की ते वाढत नाहीत. सँड पेपर, गंज काढायचं अ‍ॅसिड, लिंबू, चिंच, यातलं काहीही नको, अ‍ॅसिडने उरलेलं ब्लूइंग क्षणात धुऊन जाईल.

तारा रेंगाळतो तो चिकट्यानेच. रॉकेलने धुवा पण धुतल्यावर पूर्ण कोरडं करून लगेच हत्याराचं तेल लावा, रॉकेल तसंच ठेवलं तर त्यावर पुन्हा गंज धरतो. आतली यंत्रणा खोलू नका. आत व्ही आकाराची मेन स्प्रिंग ताणात बसलेली असते, ती तुटली तर मूळ मिळणं मुश्किल. कानपूरच्या सरकारी कारखान्याची ०.३२ रिव्हॉल्व्हर याच वेब्लीच्या बेतावर बनली आहे, पण तिचा पार्ट जसाचा तसा बसेलच असं नाही, कानस लावून जुळवायला लागतो आणि ते परवाना असलेल्या गनस्मिथचंच काम. स्क्रू ड्रायव्हरही साधा नको, त्याचं पातं उताराचं असतं, ते खाचेत वर वर बसतं आणि स्क्रूचं डोकं चिरतं. सरळ पात्याचा, खाचेत घट्ट बसणारा घ्या.

पुढे कधी ब्लूइंग करायचं ठरलंच तर स्लो रस्ट ब्लू करणारा शोधा. त्यात मुद्दाम गंज चढवतात, मग स्वच्छ पाण्यात उकळतात, लाल गंजाचं काळं होतं, मऊ तारेच्या ब्रशने झाडतात, परत तेच, असं अनेकदा. वेळखाऊ आहे पण रंग जुन्या कामाशी जुळतो आणि आधीचं पॉलिश हाताने, लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून करता येतं, त्यामुळे धारा टिकतात. ओल्या हवेची पेटी लागते त्यासाठी, तुमच्या कुडाळला जुलैत पेटीची पण गरज नाही.

प्रतिसाद: सह्यकडा

काडतुसांचं कोणी बोललं नाही. होल्स्टरच्या पट्ट्यात जुनी असतीलच, बुडावर केएफ लिहिलेली, खडकीची. पितळेवर हिरवट थर चढला असेल तर ती झाडायची नाहीत, घासून परत भरायची तर मुळीच नाहीत. परवान्यावर नोंद आहे ना, मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन जमा करा आणि पोच घ्या. आणि मूळ बोअर ०.३२ असल्याचा आनंद माना, लष्कराची मार्क फोर ०.३८ ची होती आणि ते बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, अशा जुन्या तुकड्यांचं काय करायचं या प्रश्नात लोक वर्षानुवर्षं अडकलेत.

धागाकर्ता:

तिघांचेही मनापासून आभार, डोक्यातला अर्धा गोंधळ संपला. ब्लूइंग आत्ता नाही, ठरलं. खलाशीकाका, पट्ट्या सुट्या करून द्यायचं मला सुचलंच नव्हतं, आता सावंतवाडीला वेब्ली घेऊन जायचा प्रश्नच मिटला. सह्यकडा, काडतुसं आहेत आणि हिरवी झालीत, सोमवारी अर्ज देतो.

चुलतभावाला हा धागा वाचायला दिला, निकेलचा हट्ट त्याने सोडलाय, आता तोच स्टील वूल शोधतोय.

दोन गोष्टी अजून राहिल्यात. होल्स्टर सोडून आमच्या हवेत ठेवायची कशात? सिलिका जेलच्या पुड्या घालून स्टीलच्या कुलूपबंद डब्यात ठेवायचा विचार आहे, तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळली तर कापडच ओल धरेल का? आणि लोहारदादा, लॅचवरची अंगठ्याची ती पांढरी जागा, तिथे ब्लूइंग अजिबात उरलेलं नाही, नुसत्या तेलावर ती पावसाळाभर टिकेल की वर मेणाचा हात द्यावा? कोकणात राहून कोणी मेण लावून बघितलं असेल तर जरूर सांगा, जून तोंडावर आलाय.