लाइफबोटीतला सिग्नलचा दिवा: विजेरी, टॉर्च की बॅटरी?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या जुन्या टॉर्च आणि लाइफबोटीतले सिग्नल लॅम्प जमवतोय, आता मराठीत यादी करायला घेतलीय. सरसकट सगळ्यांना 'विजेरी' लिहिलं तर चालेल का? घरी सगळे बॅटरीच म्हणतात.

उत्तर: घरचे म्हणतात ते बरोबरच आहे, हातात धरायची ती बॅटरी आणि आत घालायचे ते सेल, गावाकडे अजून असंच बोलतात. पण यादीत बॅटरी नको, वाचणाऱ्याला कळणार नाही की दिव्याबद्दल बोलताय की आतल्या सेलबद्दल. विजेरी छान शब्द आहे आणि छापील मराठीत रुळलेलाही आहे, तो टॉर्चसाठी बिनधास्त वापरा, फक्त सिग्नलच्या दिव्याला लावू नका.

कारण विजेरी असते आपल्याला दिसावं म्हणून आणि सिग्नलचा दिवा असतो आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. हा फरक वस्तूतच असतो. ब्रिटिश नौदलाचा अल्डिस लॅम्प बघा, त्यात बल्ब सतत चालू असतो आणि चाप ओढला की आतला आरसा कलतो, तेवढ्यापुरताच झोत समोरच्या जहाजाकडे जातो. बल्ब चालूबंद केला तर तार तापायला नि विझायला वेळ घेते, मोर्स या संकेतलिपीचे डॉट-डॅश एकमेकांत मिसळतात, म्हणून ही आरशाची युक्ती. जहाजावरच्या मोठ्या दिव्यांना याच कारणासाठी झडपा असायच्या. आता ह्याला विजेरी कसं म्हणणार?

मधल्या वस्तूही आहेत म्हणा. अमेरिकन लष्कराची टीएल-१२२, मान काटकोनात वळलेली, खिशाला अडकवली की झोत समोर पडतो आणि हात मोकळे. तिच्या सरकत्या बटणाजवळ एक दाबायचं बटण असतं, दाबून धरलं तेवढाच वेळ उजेड, ते मोर्ससाठी. ही विजेरीच, पण यादीत 'सिग्नलचं बटण आहे' असं जरूर लिहा. लाइफबोटीत आजही आंतरराष्ट्रीय नियमाने मोर्सजोगी वॉटरप्रूफ टॉर्च, सेलचा एक जादा संच आणि एक जादा बल्ब ठेवावाच लागतो.

दिसण्याचं महत्त्व आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. मुंबईहून मोंबासाकडे निघालेलं तिलावा जहाज २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवलं, २८० माणसं गेली, आणि वाचलेली माणसं ब्रिटिश युद्धनौका एचएमएस बर्मिंगहॅम येईपर्यंत भर समुद्रात होड्यांतून, तराफ्यांवर तरंगत होती. अशा होडीतल्या दिव्याला नुसतं विजेरी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

पुन्हा प्रश्न: मग 'संकेतदीप' लिहू का?

उत्तर: वाचायला बरा आहे पण बोलताना कोणी म्हणणार नाही, देवळातला वाटतो. 'सिग्नलचा दिवा' लिहा. 'लाइफबोट' हा शब्द मात्र तसाच राहू दे.

आणि वस्तूची अवस्था लिहाल तिथे शब्द नीट वापरा, सगळ्याला 'गंजलेला' लिहितात लोक. गंजतं ते लोखंड, पितळ कळकतं. जुने सेल आत गळले की पितळेवर हिरवट थर चढतो, त्याला कळकलेलं म्हणायचं. झाकण फिरत नसेल तर आटे झिजलेत की आट्यांत घाण बसलीय तेही लिहा, घेणाऱ्याला फार फरक पडतो. ब्रिटिश माल असेल तर बाणाची खूण (ही सरकारी मालावर असते) आणि पॅटर्न नंबर, म्हणजे वस्तूच्या नमुन्याचा क्रमांक, जसाच्या तसा उतरवा. चकचकीत पितळी दिवा, त्यावर 'रॉयल नेव्ही' आणि युद्धातलं साल कोरलेली नवीकोरी पाटी दिसली तर नव्या बनावटीचा असण्याचीच शक्यता जास्त, तो 'शोभेचा दिवा' म्हणून वेगळा लिहा, युद्धकालीन मालात घालू नका.