मदत हवी आहे: बुद्धिबळात हरत आलेला डाव वाचवायला शिकवणारं ठाण्यात कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझी भाची बारा वर्षांची आहे, कोपरीत राहते. ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) पाठ, हल्ला झकास, पण एक मोहरं गेलं की लगेच डाव सोडते. तिला बचाव शिकवणारं कोणीतरी हवंय.

२०२४ च्या सिंगापूरच्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीतला सातवा डाव आम्ही दोघींनी मिळून पाहिला. गुकेशकडे पांढरी मोहरी आणि जिंकण्याजोगी स्थिती होती, तरी तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेननं ७२ चालींपर्यंत झुंजून बरोबरी खेचली. शेवटी किताब गुकेशनं ७.५-६.५ असा जिंकला, पण भाचीच्या डोक्यात डिंगचा तो डावच बसलाय. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

घरी मी तिला फिलिडोरची पद्धत (दोघांकडे एकेक हत्ती आणि आपलं एक प्यादं कमी असताना बरोबरी राखायची) दाखवली: राजा समोरच्याच्या प्याद्यापुढे ठेवायचा, हत्तीनं आपल्या बाजूची तिसरी आडवी ओळ अडवून धरायची, आणि प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती थेट पलीकडच्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं. हे तिला जमतं. पण एक प्यादं कमी असताना फक्त उंट आणि प्यादी उरलेला शेवट कसा धरायचा, घड्याळात दोन मिनिटं उरल्यावर काय बघायचं, हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

नौपाडा, पाचपाखाडी किंवा स्टेशनजवळ एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) मनापासून शिकवणारे कोणी माहीत आहेत का? शनिवार-रविवार चालेल. मराठीतून शिकवणारे असतील तर फारच उत्तम. सरावाला तिच्या वयाची जोडीदार मिळाली तरी सांगा, पट आणि घड्याळ आमच्याकडे आहे.