मदत हवी आहे: सातेरी मधमाश्यांच्या थव्यासाठी लावलेली रिकामी पेटी शोधक माश्यांनी पाहिली, पण थवा आला नाही (नागपूर)

सर्व मधपाळ आणि जाणकारांना नमस्कार.

मी नागपुरात सेमिनरी हिल्सच्या बाजूला एका जुन्या बैठ्या घरात राहते. मधमाश्यांचा रानातला थवा रिकाम्या पेटीत आपणहून यावा, यासाठी यंदा मी प्रयत्न केला. तो फसला आणि नेमका कशामुळे फसला, हे मला पुढच्या हंगामापूर्वी समजून घ्यायचे आहे.

आमच्या गच्चीच्या जिन्याखाली विजेच्या जुन्या मीटरची लाकडी पेटी आहे. मीटर बाहेरच्या भिंतीवर गेल्यापासून ती रिकामी होती आणि तीत सहा वर्षे सातेरी माश्यांचे मोहोळ नांदत होते. वायर आत घेण्यासाठी पाडलेल्या भोकातून त्यांची ये-जा चाले. उन्हाळ्यात त्या कूलरच्या ओल्या ताट्यांवर पाणी प्यायला येत, आणि दुपार तापली की भोकापाशी चार-पाच जणी बाहेर तोंड करून पंख हलवत उभ्या राहत. त्यांनी आम्हाला कधी त्रास दिला नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये वाळवीच्या फवारणीसाठी बोलावलेल्या माणसाने, आम्हाला न विचारता, त्या भोकातही नळी घातली. संध्याकाळी मी सूपभर मेलेल्या माश्या झाडून काढल्या. त्यांतल्या कितीतरी माश्यांच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या तशाच होत्या. ते दृश्य अजून मनातून जात नाही.

झाडाची ढोली फोडून वसाहत आणून देणारे लोक मिळतात, असे मला सांगण्यात आले. परंतु त्यासाठी एखादे जुने झाड आणि पिल्लांनी भरलेली पोळी मोडणे मला पटत नाही. म्हणून वाचन सुरू केले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस सीली यांनी, घर शोधणाऱ्या माश्या कोणती पोकळी पसंत करतात, यावर अनेक वर्षे प्रयोग केले आहेत. साधारण ४० लिटरची जागा, तळाशी लहान दार, जमिनीपासून बरीच उंची आणि दक्षिणेकडे तोंड, असे त्यांचे निष्कर्ष वाचून मी सुताराकडून आतून ४० × ४० × २५ सेंमी मापाची नवी पेटी करून घेतली. पावसात टिकावी म्हणून तिला आतबाहेर वॉर्निश लावले, आत मेण चोळले, गवती चहाच्या तेलाचे दहा-बारा थेंब टाकले आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी दक्षिणाभिमुख ठेवली.

२ मार्चला सकाळी नऊच्या सुमारास पहिली माशी आली. दाराच्या कडेवरून चालत ती आत जाई, थोड्या वेळाने बाहेर येई, पेटीकडे तोंड ठेवून हेलकावे घेत तिच्याभोवती उडे आणि पुन्हा आत शिरे. पेटीला कान लावला, तर आत लाकडावर तिच्या पायांची बारीक खसखस ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी एका वेळी आठ-दहा माश्या दिसू लागल्या. एकीच्याही पायावर पराग नव्हता आणि सूर्य कलला की सगळ्या निघून जात. तिसऱ्या दिवशी दुपारी दीडनंतर एकही माशी फिरकली नाही. त्यानंतर आठ दिवसांनी मी झाकण उघडले तेव्हा आत फक्त लाल मुंग्या होत्या.

या माश्या खरोखर घर शोधणाऱ्याच होत्या का, मेणाच्या वासाने आलेल्या होत्या? पेटीत दोष आहे, जागेत आहे की वेळेत? आणि थवा आलाच, तर पहिल्या काही दिवसांत मी काय करावे व काय टाळावे? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. माझी काटोल भागात संत्र्याची बाग आहे आणि तीत सातेरीच्या बारा पेट्या आहेत. त्यांपैकी पाच वसाहती अशाच आपणहून आलेल्या आहेत.

तुम्ही पाहिलेल्या माश्या शोधकच होत्या. मधाच्या वासाने आलेली माशी पोट भरून सरळ निघून जाते; आत चालत जाऊन फटी तपासणे आणि बाहेरून पेटीकडे तोंड करून घिरट्या घालणे हे घर पाहणारीचे वागणे आहे. थवा एखाद्या फांदीवर लटकलेला असताना त्यातल्या काहीशे अनुभवी माश्या चहूकडे जागा पाहतात आणि परत येऊन थव्याच्या अंगावरच नाचून त्या जागेची दिशा व अंतर सांगतात. हे जर्मनीत मार्टिन लिंडावर यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. एकाच वेळी अनेक जागांचा प्रचार चालू असतो आणि ज्या जागेवर शोधकांची गर्दी आधी पुरेशी वाढते, तिकडे सगळा थवा उठून जातो. सीलींच्या निरीक्षणात हा आकडा वीस-तीस माश्यांच्या आसपास होता. तुमच्याकडे तो आठ-दहावर थांबला. तिसऱ्या दिवशी दुपारी माश्या एकदम बंद झाल्या याचा अर्थ, माझ्या मते, थव्याने दुसरे घर निवडले.

आता पेटीविषयी. सीलींचे ते प्रयोग युरोपीय माशीवरचे, म्हणजे एपिस मेलिफेरावरचे आहेत. आपली सातेरी म्हणजे एपिस सेराना इंडिका. ती अंगाने लहान, तिची वसाहतही लहान, आणि तिला दहा ते पंधरा लिटरची जागा पुरते. ४० लिटरची पोकळी गरम-थंड राखणे आणि तिचे रक्षण करणे तिला जड जाते. दक्षिणेकडे तोंड ही पसंतीसुद्धा थंड मुलखातली आहे. नागपूरच्या मार्चमध्ये टाकीशेजारच्या उघड्या गच्चीवर दुपारी दीड वाजता पेटी किती तापत असेल, याचा विचार करा. मी माझ्या पेट्या दाट सावलीत, पूर्वेकडे तोंड करून, दोन-तीन मीटर उंचीवर टांगतो. सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारचे टळते.

वॉर्निश आत कधीच लावू नये. आतले लाकूड खरबरीत व कोरे हवे, आणि त्यावर सातेरीच्याच पोळ्याचे मेण वितळवून हलका हात फिरवावा. जुने पोळे अख्खे ठेवू नका, कारण त्यात मेणकिडा पडतो आणि थाई सॅकब्रूडसारखा रोगही येऊ शकतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती या विषाणूने मोठ्या प्रमाणावर मारल्या होत्या. गवती चहाचे तेल दोन थेंब पुरे. परदेशी माहितीत प्रोपोलिस (माश्या झाडांवरून गोळा करतात तो डिंकासारखा चिकट पदार्थ) चोळायला सांगतात, पण सातेरी प्रोपोलिस गोळाच करीत नाही, त्यामुळे तो खर्च करू नका. मुंग्यांसाठी पेटी चारपायीवर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या द्या, टांगलेली असल्यास तारेला ग्रीस लावा.

वेळ मात्र तुमची अगदी चुकीची नव्हती. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्यावर वसाहती वाढून आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये थवे सुटतात. पेटी जानेवारीतच टांगली असती, तर तिचा नवेपणाचा वास निघून गेला असता. दुसरी संधी पावसाळ्यानंतर, तूर फुलोऱ्यावर असताना येते.

थवा आला, तर पहिले आठ-दहा दिवस पेटी उघडू नका आणि हलवू तर अजिबात नका. सातेरी चट्कन घर सोडून जाते, पण पोळ्यात पिल्ले झाली की ती टिकते. परागाच्या गोळ्या आत जाताना दिसू लागल्या की संसार मांडला असे समजा. राणी अडवण्याची जाळी दाराला लावण्याचा सल्ला काही जण देतात. ती चार-पाच दिवसांपलीकडे ठेवू नये, कारण थव्यासोबत आलेली राणी कोवळी असेल, तर मीलनासाठी तिला बाहेर पडावेच लागते.

एक विनंती आहे. ज्या मीटरच्या पेटीत माश्या सहा वर्षे राहिल्या, ती आतून मोजून पाहा आणि तिची जागा व भोकाचा आकार इथे लिहा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आज टेप घेऊन मोजले. आतून ३० × २४ × २० सेंमी, म्हणजे १४ लिटरपेक्षा किंचित अधिक. भोक जेमतेम दोन बोटे जाईल एवढे, तोंड पूर्वेला, आणि जिन्यामुळे दहानंतर तिथे ऊन येत नाही. मी गच्चीवर ४० लिटरची पेटी तापत ठेवली होती आणि माप माझ्या जिन्याखालीच होते, याचे वाईट वाटले. त्या पेटीच्या छतावर पोळ्यांच्या समांतर सात रेषा अजून दिसतात. मेणाचा वासही आहे. तीच पेटी स्वच्छ करून वापरली तर चालेल का?

प्रतिसाद

नाही, ताई. वाळवीचे औषध लाकडात मुरते आणि बराच काळ राहते. आलेला थवा त्यात मरेल. त्या रेषांचे मेणसुद्धा खरवडून घेऊ नका. सुताराला तेच माप द्या, लाकूड जुने व बिनरंगाचे वापरा, आणि नवी पेटी फवारलेल्या भागापासून दूर, पण त्याच पूर्वेकडच्या भिंतीवर सावलीत लावा. चोळण्यापुरते सातेरीचे मेण मी देईन. पेटी दिवाळीपूर्वी टांगा म्हणजे तुरीच्या फुलोऱ्याचा हंगाम सापडेल. जुनी मीटरची पेटी तोवर भोक बुजवून बंद करून ठेवा, कारण शोधक माशीला ती अजूनही आवडेल.