धबधब्याचा जवळून टिपलेला तुकडा : पाण्याचा पोत हातचा का निसटतो?

ओला_कातळ (मूळ प्रश्न)

नमस्कार. जुलैमध्ये आंबोली घाटातल्या मुख्य धबधब्यावर दोन दिवस, गर्दी सुरू होण्याच्या आत पोहोचून छायाचित्रे काढली. झाडी, धुके आणि पायऱ्यांवरची माणसे यांच्यासह अख्खा धबधबा मला नको होता, कारण तशी चित्रे आपण सर्वांनी पोटभर पाहिलेली आहेत. काळ्या कातळाच्या कडेवर पाणी जिथे फुटते तेवढाच तुकडा मला हवा होता, आणि तो असा की हे पाणी आहे की मागावर ताणलेले सूत, असा प्रश्न पाहणाऱ्याला क्षणभर तरी पडावा.

फुल-फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा, ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स २०० मिलिमीटरवर, पाण्यापासूनचे अंतर अंदाजे ३० मीटर, ट्रायपॉड, सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), आणि शटर उघडे राहण्याचा वेळ अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत, अशी मांडणी होती. घरी येऊन पाहतो तर सुताऐवजी नुसता पिंजलेला कापूस! तो सुधारावा म्हणून क्लॅरिटी (पोत उठावदार करणारी सोय) आणि कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद छटांतला फरक) वाढवले, तेव्हा पाणी राखाडी आणि मळकट दिसू लागले. दोष चित्रणात आहे की नंतर संगणकावर केलेल्या संस्करणात, आणि अशा चित्रावर कलात्मक संस्करण करायचे तर ते कोणत्या क्रमाने करावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

तिठ्यावरचा

दोष शटरचा आहे, आणि तो साध्या हिशेबाने सापडतो. दहा मीटर मोकळे कोसळलेले पाणी, हवेचा रोध बाजूला ठेवला तर, सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने जात असते. तुमच्या लेन्समधून ३० मीटर अंतरावरचा सुमारे ५.४ मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच एवढाच भाग आडव्या चौकटीत मावतो. म्हणजे अर्ध्या सेकंदात प्रत्येक थेंब सात मीटर, चौकटीच्या जवळपास दुप्पट उंचीइतका, प्रवास करतो, आणि एका धारेची रेघ दुसरीत मिसळून सगळे सपाट पांढरे होते. हाच अर्धा सेकंद चाळीस मीटर उंचीचा अख्खा धबधबा घेताना शोभून दिसतो, कारण तिथे सात मीटरची रेघ चौकटीच्या सहाव्या हिश्शाएवढीच भरते. पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून सांगितले जाणारे अर्धा ते दोन सेकंदांचे आकडे त्या दूरच्या चित्रांसाठीचे असतात. चौकट जितकी लहान कराल तितके शटरही वेगवान करावे लागते, ही गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही.

तुमच्या मांडणीत १/१५ सेकंदाला रेघ सुमारे ९३ सेंटिमीटरची, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या पावपट, येईल आणि १/३० ला तिच्या निम्मी. सूत दिसायचे ते याच टप्प्यात. कातळावर आपटत, अडखळत येणारे पाणी याहून हळू असते, तिथे १/८ सुद्धा चालून जाते. ढगाळ सकाळी आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप) वर एवढे शटर बहुधा फिल्टरशिवायच मिळते, तेव्हा एनडी पिशवीतच राहू द्यावा.

पाणी गोठवायचे असेल तर तोच हिशेब उलटा मांडावा. १/१००० सेकंदातही थेंब १४ मिलिमीटर सरकतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या चित्रात तो सरकलेला भाग सुमारे पंधरा पिक्सेलांचा होतो. अतिवेगवान छायाचित्रणाचे अमेरिकी प्रणेते हॅरॉल्ड एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला तो फ्लॅशच्या अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या लखलखाटामुळे. निव्वळ शटरच्या भरवशावर राहायचे तर १/४००० च्या आसपास जावे लागेल.

सावलीतला_उजेड

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत आहे, परंतु राखाडीपणाचे कारण वेगळे असावे. चौकटीत बेसाल्टचा काळा कातळ जास्त असला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) त्यालाच मध्यम करड्या छटेकडे खेचतो आणि पाणी जळते, म्हणजे तपशील उरू नये इतके पांढरे होते. जळालेल्या भागात रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, कच्च्या फाइलमध्येही) काही शिल्लक नसते; तिथे क्लॅरिटी वाढवल्यावर कडा तेवढ्या काळवंडतात आणि मधला भाग कोराच राहतो. म्हणून एक ते दीड स्टॉप कमी प्रकाश द्यावा आणि हिस्टोग्राम (छटांच्या वाटणीचा आलेख) पाहताना तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही आलेख सुटे पाहावेत, कारण एकत्रित आलेख सुरक्षित दिसत असताना एखादा रंग आधीच टोकाला गेलेला असू शकतो.

पोलरायझरबाबत (चकाकी घालवणाऱ्या, फिरवता येणाऱ्या फिल्टरबाबत) माझे मत जरा वेगळे आहे. ओल्या कातळावरची आणि शेवाळावरची चकाकी तो उत्तम काढतो, पण जवळच्या चित्रात पाण्याच्या पातळ पापुद्र्यावरची चकाकी हाच पुष्कळदा चित्राचा विषय असतो. तो फिरवून दोन्ही टोकांना एकेक चित्र घ्यावे आणि निवड घरी करावी. शिवाय तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, हे शटर ठरवताना ध्यानात ठेवावे.

आणि जुलै कशासाठी? तेव्हा पाणी इतके असते की धारा सुट्या होतच नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस जोर ओसरला की कातळाची प्रत्येक पायरी आपापली धार दाखवू लागते.

रंगहीन

संस्करणाविषयी लिहितो. ट्रायपॉड न हलवता १/१५ च्या पंधरा-सोळा फ्रेम घ्याव्यात आणि त्या एकावर एक लेयर (थर) म्हणून रचाव्यात. त्यांची सरासरी काढली की पाणी मऊ होते, आणि सोळा फ्रेमांमध्ये सुटा नॉइज (चित्रातले अनियमित दाणे) चौथ्या हिश्शावर येतो, त्यामुळे स्थिर कातळ अतिशय स्वच्छ दिसतो. याच सरासरीवर मूळची एक फ्रेम तीस-चाळीस टक्के अपारदर्शकतेने ठेवली तर मऊपणातून सूत पुन्हा वर येते. दीर्घ शटरच्या एकाच फ्रेममध्ये हे साधत नाही. सरासरीऐवजी लायटन मोड (प्रत्येक जागी सर्वांत उजळ बिंदू ठेवणारा) वापरला तर प्रत्येक फ्रेममधले उजळ थेंब साठत जातात. तो प्रकार मोहक आहे, परंतु पाच-सहा फ्रेमांनंतर सगळे पांढरे पडते. डार्कन मोडमध्ये (प्रत्येक जागी सर्वांत गडद बिंदू ठेवणाऱ्या) उडणारे तुषार गळून जातात आणि सर्व फ्रेमांत कायम असलेली धारच उरते. माझ्या मते सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित मोड हाच आहे.

क्लॅरिटी संपूर्ण चित्राला कधीही लावू नये. मास्क करून (हवा तेवढाच भाग निवडून) ती कातळाला वाढवावी आणि पाण्याला किंचित उणे करावी.

माझा आवडता उद्योग म्हणजे चित्र कृष्णधवल करून त्याच्या छटा निगेटिव्हसारख्या उलटवणे. पाणी शाईच्या फराट्यांसारखे काळे होते आणि कातळ कागदासारखा फिकट. रंग आधी काढून टाकावेत, नाहीतर हिरवे शेवाळ भडक किरमिजी होऊन बसते. हे केल्यावर चित्र नव्वद अंशांत फिरवूनही पाहावे. पाणी आडवे वाहू लागले की डोळा त्याला धबधबा मानायला तयारच होत नाही.

सावलीतला_उजेड

उलटवणे आणि फिरवणे यांना माझी हरकत नाही, मात्र चित्राखाली तसे लिहावे. अनेक स्पर्धांच्या निसर्ग विभागात अनेक फ्रेमांचे मिश्रण चालत नाही आणि मूळ रॉ फाइल मागितली जाते.

ओला_कातळ

सर्वांचे आभार. काल रात्री जुन्या फाइली पुन्हा उघडल्या. अर्ध्या सेकंदाच्या अकरा फ्रेम होत्या; त्यांची सरासरी काढून कापूस अधिकच मऊ झाला, सूत अर्थातच आले नाही. मात्र ट्रायपॉड लावण्यापूर्वी चौकट ठरवण्यासाठी, फिल्टर न लावता, हातात धरून १/४० ला घेतलेली एक फ्रेम मी निकामी समजून बाजूला टाकली होती. ती थोडी हललेली आहे आणि पाण्याचा वरचा कोपरा जळालेला आहे, परंतु कृष्णधवल करून उलटवल्यावर तिच्यात धारा एकेक मोजता येतात. हललेला भाग कापून उरलेले चित्र उद्या इथे लावतो. सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा जाईन तेव्हा लेन्स पुसायला दोनऐवजी सहा फडकी नेणार आहे, कारण तुषारांमुळे मागच्या वेळी दर तिसरी फ्रेम ठिपक्यांनी भरलेली होती.