जपानमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी मंडळी एकत्र जेवणार असतील, तर नियोजन कसे करावे?

कोथरूडकर:
नमस्कार. येत्या ऑक्टोबरात आम्ही टोकियो, क्योटो आणि ओसाका असा कौटुंबिक प्रवास करणार आहोत. माझी आई आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी असून त्यांना अंडेही चालत नाही. उलट यजमान आणि मुले सुशी, रामेन (रश्शातल्या नूडल्स), वाग्यू (जपानी गोमांस) यांची नावे आतापासूनच घोकत आहेत. समोर बसून कोणी मासे खाल्ले तर दोघींची हरकत नसते, मात्र एकाच तव्यावर किंवा तेलात केलेला पदार्थ त्यांच्या घशाखाली उतरत नाही. रोज भारतीय रेस्टॉरंट गाठावे असा सल्ला अनेकांनी दिला, पण एवढ्या लांब जाऊन पनीर-नानवर दिवस काढणे मुलांवर आणि, खरे सांगायचे तर, माझ्यावरही अन्यायकारक वाटते. सर्वांना एकत्र जेवता येईल असा काही मार्ग आहे का?

निशिकासाईकर:
मी टोकियोत नोकरीनिमित्त राहतो आणि आईवडील इकडे येतात तेव्हा हाच पेच दरवेळी सोडवावा लागतो. ताटात दिसणारे मांस टाळणे सोपे असते. खरी अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा. तो बहुधा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे कात्सुओ हा कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावर सुकवून केलेला कीस, यांपासून काढतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप, उदोन (गव्हाच्या) आणि सोबा (बकव्हीटच्या) नूडल्सचा रस्सा, तेम्पुरा या जपानी भज्यांसोबतची चटणीवजा आमटी, इतकेच काय, इनारी सुशीतले तळलेल्या तोफूचे गोडसर आवरणही बहुधा याच रश्शात शिजलेले असते. साध्या थंड तोफूवरसुद्धा शेवटी हा गुलाबीसर कीस भुरभुरलेला येतो, तेव्हा तो न घालण्याविषयी मागणी नोंदवतानाच सांगावे लागते.

ॲलर्जीच्या तक्त्यावर विसंबून राहू नका. अंडे, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड यांचा उल्लेख पाकीटबंद पदार्थांवर सक्तीचा आहे. कात्सुओ त्या यादीत नाही. त्यामुळे अंड्याचा शोध तक्त्यावरून लागतो, पण दाशीचा लागेलच असे नाही. शिवाय ‘आम्ही मांस खात नाही’ एवढेच सांगितले, तर समोरचा माणूस अत्यंत आदराने मासे घेऊन येईल. मांस, मासे, कात्सुओची दाशी आणि अंडे ही चारही नावे जपानी लिपीत छापलेले कार्ड दोघींच्या पर्समध्ये असू द्या. तोंडी खुलाशापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडते.

त्यांचे तव्या-तेलाचे पथ्य लक्षात घेता ओकोनोमियाकी (तव्यावरचे कोबीचे जाड धिरडे) आणि तेम्पुरा त्यांच्यापुरते वगळलेलेच बरे. दोन्हींच्या पिठात सहसा अंडे असते आणि तेम्पुराच्या कढईत आधी कोळंबी तळलेली असते.

भटकी_वाट:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. जागा शाकाहारी माणसाने निवडावी आणि मांसाहाऱ्यांनी तिथे काय मिळते ते पाहावे, हा क्रम उलटा केला की कोणीतरी भात आणि लोणच्यावर भागवतो. टोकियो स्थानकात, तिकिटाच्या फाटकांच्या आत, ‘टीज् तानतान’ नावाचे रामेनचे दुकान आहे. तिथला तिळाचा दाट रस्सा पूर्णपणे वनस्पतिजन्य असतो आणि मांसाहारी मुलेही तो मिटक्या मारत संपवतात. शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) पकडण्यापूर्वी तिथे जेवणे सोयीचे पडते. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत वेगळी शाकाहारी करी मिळते, पण स्वयंपाकघर एकच असते. नुसती ‘भाज्यांची करी’ मागवू नका, कारण तिच्या नेहमीच्या रश्शात मांसाचा अंश असतो.

क्योटोत आराशियामाच्या तेन्र्यू-जी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सु’मध्ये शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठातले पारंपरिक शाकाहारी जेवण, मिळते. त्यात कांदा-लसूणही नसतो. ते फक्त दुपारी असते आणि बागेचे प्रवेशशुल्क वेगळे भरावे लागते. लाल लाकडी भांड्यांतून थोडे थोडे वाढलेले ते ताट पाहून तुमच्या आईंना चातुर्मासातल्या जेवणाची आठवण येईल, इतके ते सात्त्विक असते.

खवय्या:
मला मात्र प्रत्येक जेवण एकत्र करण्याचा आग्रहच पटत नाही. चांगल्या सुशीच्या किंवा रामेनच्या अनेक दुकानांत काउंटरपुढे जेमतेम आठ-दहा खुर्च्या असतात. पाचसहा जण शेजारी बसतील अशी जागा मिळणेच कठीण, आणि तिथे प्रत्येकाने काहीतरी मागवावे अशी अपेक्षा असते. न खाणाऱ्या दोघींना नुसते बसवून ठेवणे दुकानदारालाही अवघडल्यासारखे होते. दुपारी यजमान आणि मुलांना सुशीला सोडा, त्या वेळात तुम्ही तिघी मॉलच्या फूड कोर्टात किंवा भारतीय रेस्टॉरंटात जेवा, आणि रात्री सर्वांनी एकत्र बसा. डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खाद्यदालनातून ज्याने त्याने आपापले डबे घेऊन हॉटेलच्या खोलीत अंगतपंगत केली, तर खर्च आणि वाद दोन्ही वाचतात. शिंकान्सेनमध्येही डबा उघडून जेवण्याची रीतच आहे, त्यामुळे घरचे ठेपले काढायला संकोचू नका.

कोथरूडकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुपारी वेगळे आणि रात्री एकत्र, ही कल्पना घरात मान्य झाली आहे. एक रात्र र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृहात, राहण्याचा विचार आहे. तिथे दोघींपुरते वेगळे जेवण मिळेल का?

निशिकासाईकर:
मिळू शकते, मात्र आरक्षण करतानाच लेखी विचारावे. र्योकानचे रात्रीचे जेवण ठरलेल्या क्रमाचे असते आणि सामग्री आधीच आणलेली असते, त्यामुळे पोहोचल्यावर केलेली विनंती बहुधा सविनय नाकारली जाते. दाशीविना स्वयंपाक करता येईल का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. काही ठिकाणी मासे वगळतात, पण रस्सा तोच ठेवतात. उत्तर मोघम आले, तर ती रात्र कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावरच्या एखाद्या शुकुबोमध्ये, म्हणजे मठातल्या अतिथिगृहात, काढा. ओसाकाहून तिथे रेल्वेने जाता येते आणि पाहुण्यांना शोजिन जेवणच वाढले जाते. तुमच्या यजमानांना आणि मुलांना मात्र आधी कल्पना द्या, कारण त्या डोंगरावर संध्याकाळी दुकाने लवकर बंद होतात.