मदत हवी आहे: पेन्शनरांची आयकर विवरणपत्रे विनामूल्य भरून द्यायची आहेत, मसुदा तपासाल का?

ग्रंथमित्र:
नमस्कार. गावच्या वाचनालयात जुलैतल्या रविवारी निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी यांना विवरणपत्र भरायला मदत करायची आहे. आयकर खात्याच्या पोर्टलवर भरायला एक पैसाही लागत नाही, तरी लोक बाहेर पैसे मोजतात, कारण शेजारी बसून दाखवणारं कोणी नसतं. हे बदलायला हवं.

नमुन्यासाठी घेतलेली व्यक्ती: वय ६८, आर्थिक वर्ष २०२५-२६, पेन्शन ४,८०,०००, एकाच बँकेतल्या ठेवींचं व्याज १,९०,०००, त्यावर बँकेने आधीच कापलेला कर (टीडीएस) १९,०००, बचत खात्याचं व्याज ६,०००. विवरणपत्राचा फॉर्म आयटीआर-१ (सहज) धरला आहे.

अडलेलं असं: नव्या करपद्धतीत पूर्ण १९,००० परत मिळतील ना? एआयएसमध्ये (पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक) ठेवीचं व्याज दोनदा दिसलं तर कुठला आकडा धरायचा? आणि सातबाऱ्यावर नाव असेल तर सहज चालतो का?

हिशेबनीस:
पूर्ण परत मिळतील. पेन्शनमधून ७५,००० प्रमाणित वजावट गेली की ४,०५,००० उरतात. त्यात व्याजाचे १,९६,००० मिळवा, एकूण ६,०१,०००. चार लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के म्हणजे १०,०५० कर येतो आणि कलम ८७ए ची करसवलत तो शून्यावर आणते.

हीच व्यक्ती जुन्या पद्धतीत गेली आणि ८०सी (विमा, पीपीएफ अशा गुंतवणुकीची वजावट) वगैरे काही नसेल, तर ५०,००० प्रमाणित वजावट आणि ८०टीटीबीचे (ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी वजावट) ५०,००० घेऊनही करपात्र उत्पन्न ५,७६,००० राहतं. पाच लाखांच्या वर गेल्याने तिथली ८७ए सवलत मिळत नाही, सेससह (करावरचा उपकर) कर २६,२०८ होतो. म्हणजे १९,००० परत मिळायच्या ऐवजी वर सात हजार भरावे लागतील. करपद्धतीचा प्रश्न घाईत 'पुढे' दाबून सोडू देऊ नका.

व्याज दोनदा दिसतं त्याचं कारण साधं आहे. बँक तीच रक्कम एकदा टीडीएसच्या तपशिलात कळवते आणि एकदा एसएफटीत (मोठ्या व्यवहारांची बँकेने आयकर खात्याला द्यायची माहिती). बँकेकडून व्याजाचा दाखला आणायला सांगा आणि त्यावरचा आकडा धरा. एआयएसमध्ये त्या नोंदीवर 'दुहेरी नोंद' असा अभिप्राय द्या. आधीच भरून आलेले आकडे ही सोय आहे, पुरावा नाही. एखाद्या पतसंस्थेचं व्याज तिथे नसलं तरी ते धरावंच लागतं.

बांधावरून:
शेतीचं विचारलंत ते बरं केलंत, आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. नुसतं सातबाऱ्यावर नाव असल्याने काही बिघडत नाही. खर्च वजा जाता शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० पर्यंत असेल तर सहज चालतो. त्याच्या वर गेलं की आयटीआर-२, तोही पोर्टलवर फुकटच. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून दाखवायचं नाही, हा समज चुकीचा. इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर कराचा दर ठरवताना ते मोजलं जातं.

दुसरी नेहमीची चूक कुटुंब निवृत्तिवेतनाची. पतीच्या मागे पत्नीला मिळणारं वेतन 'पगार' रकान्यात टाकून ७५,००० वजा करतात. ते 'इतर स्रोत'मध्ये येतं. नव्या पद्धतीत एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी जी रक्कम कमी, तेवढीच वजावट.

ग्रंथमित्र:
दोन्ही गोष्टी मसुद्यात नव्हत्या, घेतो. भरून झाल्यावर परतावा अडकतो तो कशाने?

हिशेबनीस:
बहुधा खात्यामुळे. बसल्याबरोबर आधी प्रोफाइलमध्ये बँक खातं पूर्वप्रमाणित (परताव्यासाठी पोर्टलवर आधीच पडताळलेलं) आहे का ते बघा. विलीनीकरणानंतर आयएफएससी बदललेला असतो, नाहीतर पॅनवरचं आणि पासबुकातलं नाव जुळत नाही. पॅन-आधार जोडणी नसेल तर परतावा निघतच नाही. ८० पूर्ण झालेल्यांना त्या जोडणीची सक्ती नाही.

दुसरं कारण ई-पडताळणी राहून जाणं. विवरणपत्र सादर केल्यापासून ३० दिवसांत ती व्हायला हवी. त्यानंतर केली तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात. विवरणपत्र भरायची मुदत, ३१ जुलै, उलटली तर ५,००० विलंब शुल्क, एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००, आणि जुनी करपद्धती निवडायची मुभाही जाते. म्हणून आधारशी जोडलेला मोबाइल सोबत आणायला सांगा आणि ओटीपी टाकूनच उठू द्या. मोबाइल जोडलेला नसेल तर नेट बँकिंगने करता येतं. तेही नसेल तर आयटीआर-व्ही (पोचपावतीचा फॉर्म) छापून, सही करून स्पीड पोस्टने बेंगळुरूच्या सीपीसीला (आयकर खात्याचं प्रक्रिया केंद्र) पाठवायचा.

पासवर्ड त्यांनाच टाइप करू द्या, तुमच्या वहीत लिहून ठेवू नका. मोबाइल आणि ईमेलही त्यांचाच द्या. पुढची सूचना किंवा नोटीस तिथेच येते, आणि सदोष विवरणपत्राच्या नोटिशीला उत्तर द्यायला १५ दिवसच असतात.