'मेड इन हेवन' हा क्वीनचा अल्बम मानायचा का?

कातरवेळ

बरेच दिवस मनात घोळतंय, आज मांडतेच. क्वीन या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. त्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी, ६ नोव्हेंबर १९९५ ला, 'मेड इन हेवन' आला. वर नाव 'क्वीन', आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर. तेव्हापासून सगळे त्याला क्वीनचा शेवटचा अल्बम म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्या लेखी शेवटचा अल्बम 'इन्युएंडो'. फेब्रुवारी १९९१ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा चौघंही होते आणि चौघांनी "झालं आता" असं म्हटलं होतं.

'मेड इन हेवन' मधली गाणी कुठून कुठून आली आहेत बघा. 'इट्स अ ब्यूटिफुल डे' हा १९८० मध्ये म्युनिकला फ्रेडीनं पियानोवर सहज वाजवलेला तुकडा. 'हेवन फॉर एव्हरीवन' क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर याच्या द क्रॉस या दुसऱ्याच बँडचं. 'माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड' १९८९ च्या एका सिंगलच्या मागच्या बाजूवर येऊन गेलेलं. शेवटच्या दिवसांतली म्हणावीत अशी तीनच: 'मदर लव्ह', 'अ विंटर्स टेल' आणि 'यू डोन्ट फूल मी'. त्यातलंही तिसरं निर्माता डेव्हिड रिचर्ड्सनं तुकडे जोडून उभं केलेलं.

पण मला खरं खटकतं ते वेगळंच. शीर्षकगीत आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ही दोन्ही फ्रेडीच्या १९८५ च्या 'मिस्टर बॅड गाय' मधली. तो अल्बम त्यानं बँडपासून वेगळा होऊन केला होता. त्यावरचा सिंथ, ते नाचरे ठेके, सगळं त्याच्या मर्जीचं. पुढे सहा वर्षं तो जिवंत होता, बँडबरोबर तीन अल्बम केले, पण ही गाणी त्यानं काही बँडकडे आणली नाहीत. तो गेल्यावर त्याचा आवाज तेवढा ठेवून बाकी सगळं नवं वाजवलं गेलं. प्रेमानंच केलं असेल, त्याबद्दल शंका नाही. पण विचारायचं कुणाला, हा प्रश्न उरतोच.

कृष्णाकाठ

कातरवेळताई, विचारायचं कुणाला म्हणता? त्यानं स्वतःच सांगून ठेवलं होतं.

१९९१ चा वसंत, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, तिथला माउंटन स्टुडिओ. फ्रेडीला धड उभं राहवत नव्हतं. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे यानं पुढे अनेकदा सांगितलंय: फ्रेडीचं म्हणणं असायचं की माझ्यासाठी लिहीत राहा, मी गाऊन ठेवतो, मागाहून तुम्ही पुरं करा. ड्रम्स बसवायलाही वेळ नव्हता म्हणून साध्या ड्रम मशीनवर तो गायचा. 'मदर लव्ह'च्या वेळी तर ब्रायन कागदाच्या चिठोऱ्यांवर ओळी लिहायचा आणि फ्रेडी लगेच त्या गायचा. मधल्या भागात त्याला सूर आणखी वर न्यायचा होता, तो नेलाही. शेवटच्या कडव्याला मात्र दमला, परत येऊन करतो म्हणाला. परत आलाच नाही. ते कडवं ब्रायनच्या आवाजात आहे.

माणूस जाताना घरच्यांना सांगतो, एवढं माझं राहिलंय, करा. ते न करणं हा त्याचा मान राखणं कसं होईल?

(मी वाईचा. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा, म्हणजे आपला फ्रेडीच, पियानो शिकला आणि शाळकरी वयातच हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये वाजवू लागला. त्या शाळेवरून जाताना दर वेळी मला हेच कडवं आठवतं, म्हणून एवढं लिहिलं.)

निखळ

माझं मत दोघांपेक्षा कडक आहे. माणूस गेला की दुकान बंद करावं. आज एक तुकडा सापडतो, उद्या दुसरा. २०१४ मध्ये 'क्वीन फॉरेव्हर' आला, २०२२ मध्ये 'फेस इट अलोन'. कलाकारानं बाजूला ठेवलेली गोष्ट बाजूलाच राहू द्यावी. एखादं गाणं न छापणं हाही त्याचाच निर्णय असतो.

बेसलाइन

निखळ, दोन गोष्टींची गल्लत होतेय. 'फेस इट अलोन' हे क्वीनच्या 'द मिरॅकल' या अल्बमच्या वेळी बाजूला पडलेलं गाणं. 'मदर लव्ह' बाजूला पडलेलं नव्हतं, ते गाताना वेळ संपली. दोन्हींना एकच नियम कसा लावणार?

आणि ताई, तुमच्या खटकण्याबद्दल. मी स्वतः बेस वाजवतो, म्हणून 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'ची दोन्ही रूपं पाठोपाठ ऐकून बघितली. १९८५ च्या रूपात फ्रेडीचा आवाज यंत्राच्या सरळ ठेक्यावर एकटा धावतो. १९९५ मध्ये त्याच गाण्याखाली रॉजरचे खरे ड्रम्स आणि बँडमधला चौथा, जॉन डीकन, याचा बेस येतो, आणि तोच जुना आवाज चौघांत उभा राहून गातोय असं वाटतं. बदलला तो आजूबाजूचा संग. मला दुसरं रूप जास्त भिडतं.

शिवाय जॉन डीकनकडे बघा. या अल्बमनंतर १९९७ च्या एका गाण्यात वाजवलं आणि तो संगीतातून कायमचा बाजूला झाला. ज्याला फ्रेडीशिवाय क्वीन नको होतं, त्यानं हा अल्बम मात्र पुरा केला. माझ्यासाठी ही साक्ष पुरेशी आहे.

तानपुरा

थोडं लांबचं उदाहरण देतो, चालेल ना? आपण ज्या शब्दानं आज सगळ्या नॉव्हेलना ओळखतो, ती बाणभट्टाची 'कादंबरी' बाणानं पुरी केलेली नाही. मध्येच तो गेला आणि मुलानं, भूषणभट्टानं, पुढचा भाग लिहिला. मुलगा सुरुवातीलाच सांगतो की वडिलांबरोबर त्यांची वाणीही गेली, कथा तुटली, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना झालेलं दुःख बघून मी हे हाती घेतलं, कवी म्हणून मिरवायला नाही. तेरा शतकं झाली, आपण दोन्ही भाग मिळूनच 'कादंबरी' म्हणतो.

कातरवेळ

तानपुराकाका, उदाहरण फार आवडलं, पण ते माझ्या बाजूनं पडतंय! भूषणभट्ट लपत नाही. इथे वडील थांबले, इथून मी, असं सांगून तो लिहितो. पूर्वभाग, उत्तरभाग वेगळे कळतात. माझं मागणं तेवढंच आहे. जोड दिसू द्या.

कृष्णाकाठदादा, तुमचं म्हणणं वाचून रात्री 'मदर लव्ह' परत ऐकलं, दिवा मालवून, हेडफोन लावून. आजवर ते मी शेवटचं गाणं म्हणून नुसती रडायला ऐकत होते, या वेळी जोड शोधत ऐकलं. मधल्या भागात फ्रेडी वर जातो तेव्हा आवाजात आजाराचा मागमूस नाही. मग गिटार. आणि पुढचं कडवं सुरू होतं तेव्हा आवाज बारीक होतो, थकलेला, जवळचा. ब्रायन फ्रेडीसारखं गायला जात नाही, त्याचा ताण, त्याचा थाट काहीच उचलत नाही. मग १९८६ च्या वेम्बलीतला फ्रेडी आणि त्याला उत्तर देणारा जमाव, मागे फिरत जाणारे तुकडे, फ्रेडीनं क्वीनच्या सुरुवातीच्या काळात लॅरी ल्युरेक्स या नावानं गायलेल्या गाण्याची एक ओळ, आणि शेवटी तान्ह्या बाळाचं रडणं.

इथे कुणी काही लपवलेलं नाही. हे गाणं क्वीनचं, मान्य. पाठोपाठ 'अ विंटर्स टेल'ही मान्य, जिनिव्हाच्या सरोवराकडे बघत त्यानं एकट्यानं लिहिलेलं ते अखेरचं. 'लेट मी लिव्ह'मध्येही फ्रेडी, रॉजर, ब्रायन आपापल्या आवाजात आळीपाळीनं गातात, तेही घेते.

पण 'मिस्टर बॅड गाय'मधली दोन नाही. बेसलाइन, तुम्ही म्हणता चौघं एकत्र उभे आहेत असं वाटतं. तेच तर दुखतं. ते चौघं त्या गाण्यासाठी कधीच एकत्र उभे नव्हते, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोराला ते कळायला मार्गच नाही.

कृष्णाकाठ

दोन गाण्यांवर आलो म्हणजे बरंच जवळ आलो. तरी त्या दोन गाण्यांसाठी मी भांडणार. त्यानं सांगितलं होतं पुरं करा. हाताशी होती ती तीन-चार गाणी, त्यांत अल्बम होत नाही. मग त्याचाच आवाज जिथे जिथे सापडला तिथून गोळा केला. परक्याचा आवाज आणून बसवला नाही, नक्कल करणारा गायक आणला नाही.

कातरवेळ

मग तीन-चार गाण्यांचाच काढायचा होता, दादा. चार गाण्यांची छोटी तबकडी, शेवटचं 'मदर लव्ह', आणि ब्रायनचं कडवं संपलं की गप्प. मी तीही त्याच पैशांना घेतली असती.